डाव्या तारेचं खालचं टोक

डावी तार वरून सुटली नव्हती. ती खालून सुटली, आणि खालचं टोक माझ्या हातचं होतं. एवढं साधं वाक्य मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, आणि देवापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. गेल्या चैत्रात जे झालं त्यानंतर मात्र ते पोटात ठेवणं जमेनासं झालं, म्हणून लिहायला बसलो.

तार कसली, ते आधी सांगतो. मुळा धरणाच्या फुगवट्याला, दक्षिण काठावर, माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, उमेदीची सगळी वर्षं मुंबईला गोदीत होते. शिडाच्या होड्यांच्या तारा आणि दोर बांधण्याचं काम करायचे. निवृत्त होऊन गावी आले, घरची कांद्याची शेती वाट्यानं दिली आणि कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली एक शिडाची होडी विकत आणली. आणली ती उसाच्या ट्रॉलीत घालून. होडी ट्रॉलीत मावली, पण डोलकाठी मागं हातभर नव्हे, चांगली दोन माणसं लांब बाहेर आली होती, आणि तिच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं. वेशीत लोक जमले. "दाजी, कोणत्या गावच्या यात्रंची काठी म्हनायची ही?" असं एकानं विचारलं. एका म्हातारीनं तर खरंच हळद-कुंकू आणून डोलकाठीला लावलं आणि पाया पडली. दाजींनी ते पुसलं नाही. "असू द्या," म्हणाले, "हिच्या पाया पडायचीच येळ येनार हाय आपल्यावर."

दाजींना तेव्हा थट्टा सुचायची.

होडी उभी केली की डोलकाठी नुसती बुडाच्या खाचेत टेकलेली असते. तिला धरून ठेवतात त्या तारा. पुढं एक, डावीकडं एक, उजवीकडं एक. बोटाएवढीही जाड नाही अशी, पोलादाच्या बारीक सळ्यांचा पीळ असलेली तार. ती वर डोलकाठीच्या टोकाशी आणि खाली होडीच्या काठाशी अडकवायची, म्हणजे तिच्या दोन्ही टोकांना काहीतरी पकड हवी. दाजी त्याला टर्मिनल म्हणायचे. मी आपला टोक म्हणायचो, आणि इथंही तेच म्हणेन.

हे टोक बसवायची रीत दाजींनी मला डाळिंबाच्या मोकळ्या क्रेटवर बसून शिकवली. तार सरळ कापायची. आधी तिच्यावर बाहेरची नळी ओवून घ्यायची, कारण मागाहून ती जात नाही. मग तारेचा बाहेरचा पीळ उलगडायचा, तसा मधला गाभा उघडा पडतो. त्या गाभ्यावर एक छोटी पोकळ पाचर सरकवायची, सुळक्यासारखी, आणि बाहेरच्या सळ्या पुन्हा तिच्याभोवती सारख्या अंतरानं बसवायच्या. पाचरीला एक चीर असते. त्या चिरेत एकही सळी जाता कामा नये. वरून नळी ओढून घ्यायची आणि खालचा भाग तिच्यात आट्यांनी पिळून घट्ट करायचा. तार जितकी ओढली जाईल तितकी पाचर आत रुतते, आणि तार आपल्याच ओढीनं आपल्याला धरून ठेवते. डिंक नाही, कथलाचा डाग नाही, वेल्डिंग नाही.

"आणि पाव्हणं, मेन काम फुडं हाय," दाजी म्हणाले. मेव्हण्याला ते पाव्हणंच म्हणायचे. "घट्ट क्येलं की परत खोलायचं. सळ्या सारख्या वाकल्यात का, आटे शेवटपत्तोर गेलेत का, बघायचं. मग सीलंट भरून कायमचं बंद. झाकल्याल्या कामावर इश्वास ठेवायचा न्हाई."

मी विहिरीवरच्या मोटारी बसवणारा माणूस. पाईपलाईन, फूटव्हॉल्व्ह, जोड. राहुरी ते वांबोरी पट्ट्यात मी बसवलेला जोड गळला असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि त्याची मला घमेंड होती. आमच्याकडं आटे दिसले की त्यांवर सूत गुंडाळायचं आणि सफेदा लावायचा. ते हाताला सांगावं लागत नाही, हात आपोआप सुताच्या गुंडीकडं जातो. दाजींना हे ठाऊक होतं. हसून म्हणाले होते, "ही मोटार न्हाई बरं का. हितं गळलं तर चालतं. निसटलं तर न्हाई."

मी मान हलवली होती.

पलीकडच्या, उत्तरेच्या काठावर लक्ष्मीआईचं ठाणं आहे. चैत्रात तिची यात्रा भरते. माझ्या बहिणीचा, अक्काचा, तिची ओटी भरायचा नेम. रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा घालून अर्धा दिवस मोडतो. होडीनं समोरासमोर. होडीची पहिली फेरी अक्काची ओटी घेऊन करायची, असं दाजींनी ठरवलं होतं.

याला आता काही वर्षं झाली. यात्रेच्या आदल्या दिवशी पाच टोकं झाली. सगळी दाजींच्या हातची, एकेक खोलून, बघून, बंद केलेली. डाव्या तारेचं खालचं टोक तेवढं राहिलं, आणि सीलंटची नळी संपली. नळीला आडवं-उभं दाबून पाहिलं, लाटण्यानं लाटून पाहिलं. दाजी म्हणाले, "नगरला जाऊन येतो. हात लावू नका. आलो की तुमच्या हातानं बसवू, शिकल्याची परीक्षा."

ते गाडीला किक मारून गेले. मी डोलकाठीच्या बुडाशी बसून राहिलो. ऊन चढत होतं. अक्का ओट्यावरून दोनदा विचारून गेली, "झालं का रं? का उंद्याबी माझी ओटी हितंच?" मला वाटलं, दाजी येईपर्यंत काम झालेलं दिसावं. परीक्षा त्यांच्यामागं द्यावी आणि पास होऊन बसावं. आणि डोक्यात एकच गोष्ट होती: सीलंट कशाला, तर आत पाणी जाऊ नये म्हणून. पाणी अडवायचं मला कुणी शिकवायला नको होतं.

मी गाभा मोकळा केला, पाचर सरकवली, सळ्या बसवल्या. ते नीट केलं, अजूनही म्हणतो. मग आट्यांवर सूत गुंडाळलं. सफेदा लावला. पान्यानं पिळलं. आटे चार वेढे सहज गेले आणि मग जड झाले. मोटारीच्या पाईपात जड झालं की आपलं काम झालं. सूत फुगून बसतं, पाणी थांबतं. मी पाना काढला. बाहेर आलेलं सूत ब्लेडनं साफ केलं, पांढरं पुसून घेतलं. चकचकीत दिसत होतं. ते जडपण सुताचं होतं. आटे अर्ध्यावर अडकले होते, आणि पाचर आत रुतलीच नव्हती. हे मी खोलून बघितलं असतं तर कळलं असतं. पण खोललं की सूत तुटतं. आमच्यात बसवलेला जोड कुणी खोलत नाही.

दाजी नवी नळी घेऊन आले. टोकाकडं बघितलं. त्यांचा चेहरा थोडा पडला, पण बोलले एवढंच, "खोलून बघितलं व्हतं का?"

"बघितलं," मी म्हणालो.

"सीलंट?"

"जुन्या नळीत निघालं थोडं."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दोन खोट्या वाक्यांवर ती थाप पडली.

दुसऱ्या दिवशी दुपार ढळताना आम्ही तिघं निघालो. अक्का नारिंगी जाकीट घालून लाजत होती. "असलं घालून द्येवीम्होरं जाऊ?" मांडीवर ओटीचं ताट, खण, नारळ. होडी उत्तरेला चालली होती आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे आमच्या डाव्या अंगाला. सगळा भार डाव्या तारेवर. ती ताणून इतकी कडक झाली होती की बोटानं छेडली तर वाजली असती. मी तिच्याजवळच बसलो होतो. अक्का उजवीकडं, काठावर.

मध्यावर वाऱ्याचा झोत आला. पाण्यावर काळी सुरकुती पळत येताना दिसली, दाजी म्हणाले, "धरून बसा," आणि माझ्या कानाशी टण्ण असा आवाज झाला. बंदुकीसारखा नव्हे. पत्र्यावर खडा पडावा तसा. मग डोलकाठी सावकाश, खरंच सावकाश, उजवीकडं कलली आणि अक्काच्या खांद्यावर पडली.

ती ओरडली नाही. ताट पाण्यात गेलं. नारळ तरंगत राहिला.

दाजी सुकाणू सोडून तिच्याकडं धावले. तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, नाव घेऊन हाका मारू लागले. मी माझ्या उजव्या हाताशी बघितलं. होडीच्या काठाला टोकाचा खालचा तुकडा तसाच उभा होता. त्याच्या वरच्या आट्यांना सूत लोंबत होतं. ओल्या सफेद्यात माखलेलं, वाऱ्यानं हलणारं. दाजींनी मान वळवली असती तर त्यांना दिसलं असतं.

मी पिन काढली आणि तो तुकडा पाण्यात सोडला.

एवढ्यावर थांबलो नाही. "काठी मोकळी करतो," असं मोठ्यानं म्हणालो. ते करणं गरजेचंही होतं, नाहीतर होडी उलटली असती. डोलकाठीचं टोक ओढून घेतलं, पक्कडीनं डाव्या तारेची वरची पिन काढली, आणि तार वरच्या टोकासकट धरणात जाऊ दिली. तारेला बुडायला वेळ लागत नाही. मासे धरणाऱ्यांच्या होड्या मदतीला येईपर्यंत तिचा मागमूस नव्हता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दाजींनी विचारलं, "कुठनं सुटली वो?"

"वरनं," मी म्हणालो.

वरचं टोक दाजींच्या हातचं होतं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तपासलं नाही. मेव्हण्याचा शब्द, त्यात काय तपासायचं. खाली मान घालून आपल्या दोन्ही तळहातांकडं बघत बसले. त्या वेळी बोलायला हवं होतं. मी चहा आणायला गेलो.

अक्काचा खांदा जुळला, पण हात खांद्याच्या वर जात नाही. भाकरी थापते, धुणं धुते, फक्त वेणी घालता येत नाही. तेव्हापासून रोज सकाळी दाजी ओट्यावर बसून तिची वेणी घालतात. पहिल्यांदा गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मग सवय झाली. अक्काची जीभ पहिल्यापासून तिखट. "घाला," म्हणायची, "ज्या हातांनी काठी पाडली त्याच हातांनी घाला. तेवडी तरी सुटू दिऊ नका." दाजी पेड सारखे करायचे, तिसऱ्या-चौथ्या वेळी पुन्हा सोडायचे, पुन्हा घालायचे. "अवो, झाली की," ती वैतागायची. "थांब," ते म्हणायचे, "एकदा बघतो."

हे मी बघितलं आहे. भाऊबीजेला, पंचमीला, कांदे भरायला गेलो तेव्हा. हळूहळू त्यांचं 'एकदा बघतो' वाढत गेलं. गॅसची चावी बंद करून पुन्हा उघडायचे, पुन्हा बंद करायचे. कुलूप लावून वेशीपर्यंत जायचे आणि ओढून बघायला परत यायचे. शेतातल्या मोटारीचा साधा फ्यूज घालायला मला फोन. "पाव्हणं, तुमी या. माझ्या हाताचं काय खरं न्हाई." मी जायचो. तार घालून द्यायचो. चहा घ्यायचो. होडी बाभळीखाली उपडी पडली होती, तिच्यावर शेळ्या चढायच्या. डोलकाठी गोठ्याच्या आढ्याशी टांगलेली, तिच्यावर कोंबड्या.

मला कधीतरी वाटायचं, आता काळ लोटला, आता काय. हे मी स्वतःला अगदी शहाण्यासारखं सांगायचो.

गेल्या फाल्गुनात दाजींचा फोन आला. "होडी सरळ केलीय. नव्या तारा मागवल्या. हिची ओटी अर्ध्यात ऱ्हायलीय, ती एकदा पोचवायची. मग विकून टाकतो. तुमी येता का?"

मी म्हणालो, "यंदा रस्त्यानं जाऊ की, दाजी. गाडी करतो मी."

"रस्त्यानं गेलं की मला हिला पार न्येता आलं, असं हुईल का?" ते म्हणाले.

मी गेलो.

डोलकाठी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती. टोकं खणखणीत नवी. दाजींचे केस पार पांढरे झाले होते, पण हात तेच. मी त्यांना डोळ्यांसमोर काम करताना बघितलं. एक टोक बसवलं, खोललं, बघितलं, बंद केलं. बरोबर. मग दहा पावलं चालून गेले, परत आले, पुन्हा खोललं. पुन्हा बंद केलं. तिसऱ्यांदा खोललं तेव्हा पाचरीवर पान्याचा ओरखडा उठला, आणि त्यांनी चांगली पाचर फेकून नवी घातली. "दाजी," मी म्हणालो, "जास्त खोललं की पाचरी खराब हुतात, तुमीच सांगितलं हुतं."

"सांगितलं हुतं," ते म्हणाले. "तवा माझा भरवसा हुता माझ्यावर."

डाव्या तारेचं खालचं टोक आलं तेव्हा त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "हे तुमचं. तुमचं टिकलं हुतं त्या टायमाला."

मी पाना घेतला.  टोक बसवलं. आटे शेवटपर्यंत नेले, खोललं, दाजींना दाखवलं, सीलंट भरलं, बंद केलं.   दाजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

दुपारी अक्का भाकरी घेऊन आली. डोलकाठीला एक फेरी मारली, यात्रेच्या काठीला मारावी तशी. मग पदर खोचून उभी राहिली.

"डाव्या तारंचं वरलं कुनी बसवलं?"

"मी," दाजी म्हणाले.

"मग मी न्हाई बसायची."

"अगं, चार बार बघितलंय..."

"त्या बारीबी बघितलंच हुतं. तुमच्या हातची येनी चालंल, सुटली तरी हाड तर न्हाई ना मोडत. काठी न्हाई चालायची." मग माझ्याकडं वळली. "तू बसव. माझ्या भावानं बसवलं असंल तर मी डोळं झाकून बसते."

दाजी हसले. ते हसू मला अजून दिसतं. त्यांनी दुसरा पाना उचलला, तोही माझ्यापुढं धरला, आणि म्हणाले, "तिचं बराबर हाय. डबीत नवी पाचर हाय, ती घाला." आणि गोठ्याकडं चालते झाले, मी त्यांचं काम मोडताना बघायला लागू नये म्हणून.

मी एकटा उरलो. पुन्हा तसंच, डोलकाठीच्या टोकाशी, अक्का ओट्यावर, दाजी नाहीत.

टोक खोललं. आत सळ्या पाचरीभोवती अशा बसल्या होत्या, जशा अक्काच्या पाठीवर रोज सकाळी पेड बसतात. सारख्या. एकही चिरेत नाही. आटे शेवटच्या रेघेपर्यंत. गाभा जेवढा बाहेर यायला हवा तेवढाच. पाचरीवर ओरखडा नाही. मी कितीही वेळ बघितलं तरी त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. मी बसवलं असतं तर एवढं चांगलं बसलं नसतं.

मी नव्या सीलंटचा थेंब टाकला आणि आहे तसं बंद केलं.

"झालं का रं?" ओट्यावरून अक्का.

"झालं," मी म्हणालो. त्या एका शब्दात मी दाजींचं काम माझ्या नावावर करून घेतलं. आधी माझी चूक त्यांच्या नावावर, आता त्यांचा गुण माझ्या.

दाजी गोठ्यातून आले. डबी उघडली. नवी पाचर तिथंच होती. त्यांनी ती चिमटीत धरली.

"ही घातली न्हाई?"

"गरज नव्हती," मी म्हणालो.

"गरज नव्हती?"

"तुमचं टोक चांगलं हाय, दाजी. त्यात काय बी चुकल्यालं न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता विचारतील: मग त्या वेळी कसं चुकलं? आता विचारलं तर सांगायचं, असं मी ठरवलं.  त्यांनी विचारलं नाही. पाचर डबीत ठेवली, झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

यात्रेच्या दिवशी निघालो. तोच काठ, तोच पश्चिमेचा वारा, डाव्या अंगाला. निघण्याआधी दाजींनी कापसाचा बोळा घेऊन तिन्ही तारांवरून खालपासून हात पोचेल तिथपर्यंत फिरवला. कुठं सळी तुटली असेल तर कापूस अडकतो. कुठंच अडकला नाही. त्यांनी पुन्हा फिरवला. अक्का म्हणाली, "आता काय वाती वळायच्यात का?" आणि होडीत बसली. या वेळी डावीकडं, माझ्या शेजारी. चांगल्या हातानं तिनं डावी तारच घट्ट धरली.

"ती सोड, अक्का," मी म्हणालो.

"का? तुझी हाय ना?"

 मध्यावर आलो. पश्चिमेकडून ती काळी सुरकुती पाण्यावरून पळत येताना मला दाजींच्या आधी दिसली. दाजींच्या सुकाणूवरच्या हाताच्या शिरा वर आल्या. ते तारेच्या वरच्या टोकाकडं बघत होते, मी खालच्या टोकाकडं. झोत बसला. होडी कलली, उजवा काठ पाण्याला टेकला, तार गुणगुणू लागली. अक्कानं डोळे मिटले. मी कानाशी येणाऱ्या आवाजाची वाट बघत होतो. आट्यांमधून मला सूत बाहेर येताना दिसत होतं. नव्हतं तरी दिसत होतं.

आवाज आला नाही. झोत ओसरला. होडी सरळ झाली. दाजींनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला तो मला ऐकू आला.

पलीकडं अक्कानं ओटी भरली. देवीपुढं बराच वेळ बसली. उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवायला गेली, हात वर गेला नाही, म्हणून मीच वाकलो. म्हणाली, "तुझ्या हातात आई हाय रं. यांच्या हातात असती तर माझा हात आसा का झाला असता?"

दाजी शेजारी नारळ फोडत होते. त्यांनी ऐकलं. करवंटीतलं पाणी त्यांनी आधी मला दिलं.

वाऱ्यानं अक्काची वेणी सुटली होती. परत निघण्याआधी देवळाच्या पायरीवर दाजी तिच्या मागं बसले आणि नव्यानं घालू लागले. पेड सारखे केले. बघितले. सोडले. मी समोर उभा होतो, तोंड उघडायला हवं तेवढ्या अंतरावर. सांगायचं ते दोन वाक्यांचं होतं. मी म्हणालो, "उशीर हुतोय, निघू या."

होडी त्यांनी विकली नाही. बाभळीखाली तारा उतरवून, पुसून ठेवल्या आहेत. दर पंधरवड्याला ते कापूस फिरवतात, आणि मी गेलो की माझ्याकडूनही फिरवून घेतात, कारण त्यांचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही.

माझं देणं आहे ते हे. अक्का आणि दाजी, दोघांना एकाच वेळी समोर बसवून सांगायचं की त्या दिवशी सुटलं ते खालचं टोक होतं, ते मी बसवलं होतं, सूत गुंडाळून, आणि खोलून बघितलं नव्हतं. आणि गेल्या चैत्रात टिकलं ते वरचं टोक दाजींच्याच हातचं होतं, मी ते फक्त खोलून आहे तसं बंद केलं होतं. हे मी लिहिलं आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.